ट्रम्पेटच्या पितळेतली मुलगी

हॅलो?

…हो, मीच. बोल ताई… नाही गं, झोपेत नाहीये, आवाज बसलाय. काल ओरडून ओरडून… काय? आईची कात्री? शिवणाची, मोठी?

असेल की इथेच, कपाटात… आत्ता हवीये? तू तिकडे, कात्री इकडे. फोनमधून पाठवू?

अगं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस. सरळ विचार ना, काल बाबांचा कार्यक्रम कसा झाला म्हणून.

…बरं बाई, नाही विचारलंस. मी आपली सांगते, तू आपली कात्री आठवत बस.

हॉल भरला होता. खरंच… हो, तोच जुना, लाकडी खुर्च्यांचा. खुर्च्या अजून तशाच कुरकुरतात, आणि बसणारेही. सगळी पांढरी डोकी. पडदा वर गेला आणि अख्ख्या ऑर्केस्ट्रातले उरलेसुरले म्हातारे एका ओळीत, कोट घालून… हो, बाबांनी तोच निळा घातला. बटण लागत नव्हतं. म्हणाले, उघडाच बरा, श्वासाला जागा राहते.

ऐक ना. ड्रमवाल्या काकांचं कानातलं यंत्र मध्येच शिट्टी मारायला लागलं… हो, कार्यक्रम चालू असताना. लोक हसले. बाबा माइकवर म्हणतात कसे, राहू दे, सुरात आहे.

आणि बुलबुलमावशी… अगं आहे की अजून, ठणठणीत. काठी टेकत आली, खुर्ची मागितली आणि बसूनच गायली. दुसऱ्या कडव्याला शब्द विसरली. मला धस्स झालं. तर सगळा हॉल ते कडवं गायला लागला, आणि ही गालावर हात ठेवून ऐकत बसली, जणू तिकीट काढून आलीये.

…बाबा? सांगते ना. म्हणजे तू विचारतेयस हं, मी आपणहून सांगत नाहीये.

त्यांचा सूर फुटला… हो, मुख्य गाण्यात, सुरुवातीलाच. थांबले. रुमालाने ओठ पुसले आणि माइकशिवाय म्हणाले, परत घेतो. बस, एवढंच. ना माफी, ना सबब. आणि मग जे वाजवलंय ताई… मी जाहिरातवाली. तेलापासून टाचणीपर्यंत सगळ्याला ‘अप्रतिम’ म्हणायचा पगार घेते. काल फुकट म्हणते, अप्रतिम. 

…हो. रडले मी. मग काय.

बरं, ते कार्यक्रमाचं पोस्टर बघितलंस का, मी पाठवलेलं?… काय आहे म्हणजे? ‘बाबांचा जुना फोटो, हातात ट्रम्पेट.’ एवढंच? मग तू बसमधली झालीस.

अगं, आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई आहेत ना… त्याच, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणाऱ्या. त्या म्हणतात, भिंतीवरच्या जाहिरातीला तीन माणसं असतात. एक बसमधून जाणारा, त्याला वस्तू दिसली पाहिजे. दुसरा स्टॉपवर ताटकळणारा, त्याला गोष्ट दिसली पाहिजे. आणि तिसरा, ज्याच्या खिडकीसमोर ती लागलीये. तो बिचारा रोज बघणार. त्याच्यासाठी काहीतरी खोल ठेवावं, नाहीतर तो आपल्याला शिव्या घालतो.

…नाही, नुसतं बोलत नाहीत, करून दाखवतात. मागे चहाची जाहिरात केली. दोन कप. बसवाल्याला चहा दिसला. स्टॉपवाल्याला दिसलं की एक कप अर्धा प्यालेला आहे आणि दुसरा भरलेला, म्हणजे कुणीतरी कुणाची तरी वाट बघून शेवटी प्यायला सुरुवात केली. आणि भरलेल्या कपावर वाफ नव्हती. गार झालेला. ग्राहक म्हणाला वाफ घाला, तर बाई म्हणाल्या, वाफ घातली की तो माणूस आला असं होईल… हो ना? माझ्या तर अंगावर काटा आला होता. पंधरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे, अजून रोज काहीतरी नवीन.

कुठे होते मी… हां, बाबांचं पोस्टर. आमच्याकडे फोटो साफ करणारा एक आहे, त्याला सगळे साबण्या म्हणतात. चकचकीत वस्तू असली की समोरचं सगळं तिच्यात उमटतं ना? पातेल्याची जाहिरात करा, पातेल्यात फोटोग्राफर दिसतो, पोट सुटलेला. म्हणून नियमच आहे, आधी ते पुसायचं. तर साबण्याने नियमाप्रमाणे बाबांच्या ट्रम्पेटचा पुढचा कर्णा पुसून लख्ख केला. मीही बघितलं, म्हटलं छान.

बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, हे धुतलेलं पितळ आहे, वाजवलेलं नाही. होतं तसं परत आणा.

…अगं ऐक ना, आता येतंय. परत आणलं, मोठं करून बघितलं. कर्ण्यात फोटोग्राफर होताच, वाकलेला. आणि त्याच्या पायाशी काहीतरी. मला वाटलं पिशवी. मग पिशवीला दोन वेण्या दिसल्या.

ताई, तू होतीस.

…शपथ. ट्रम्पेटच्या पेटीवर बसलेली, भली मोठी पांढरी कॉलर, एका पायात मोजा, दुसरा उघडा. पहिलं मला खरं वाटेना. बाबांना दाखवलं, तर त्यांनी एका नजरेत ओळखलं. म्हणाले, तेव्हा आई दवाखान्यात होती, माझा जन्म व्हायचा होता. तुला घरी कुणाकडे ठेवणार? म्हणून सोबत नेलं. समोर पेटीवर बसवलं आणि सांगितलं, पेटी सांभाळ, चोर येतात. अख्खा कार्यक्रम तू हलली नाहीस म्हणे.

…तुला कसं आठवेल, एवढीशी होतीस.

पोस्टर परत उघड. फोन कट नको करू, असाच… उघडलंस? आता बाबांचे डोळे बघ. कॅमेऱ्याकडे नाहीत ना? खाली कुठेतरी आहेत. स्टॉपवाल्याला एवढंच कळतं की हा माणूस कुणाकडे तरी बघून वाजवतोय. कुणाकडे ते कर्ण्यात आहे. कर्णा मोठा कर… अजून…

ताई?

हॅलो? आहेस का?

…नाही, मी मुद्दाम नाही ठेवलं. बाईंनी ठेवलं. त्यांना माहीतही नव्हतं तू कोण. म्हणाल्या, ही पोर राहू दे, तिसऱ्या माणसासाठी. आणि खरंच तो तिसरा माणूस आला. हॉलसमोर औषधांचं दुकान आहे, त्याच्या वर राहणारे आजोबा. मध्यंतरात बाबांना शोधत आले, रोज खिडकीतून बघतो, म्हणे, तुमच्या कर्ण्यात ती मुलगी कोण? बाबा म्हणाले, माझी मोठी.

…हो, तेवढंच म्हणाले. पण छाती अशी काढून.

…माहितीये मला. माहितीये ताई. तुझ्या लग्नात ते कार्यक्रम करून आले, अक्षता संपल्यावर. चूकच झाली त्यांची. मी त्यांची वकिली करत नाहीये. पण तेव्हापासून तू त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलतेस. ‘बाबांना सांग पोचले’, ‘बाबांना विचार औषध घेतलं का.’ मी काय पोस्ट ऑफिस आहे?

…मी रागावले नाही. एक गोष्ट सांगायचीये, ती ऐक. रविवारी दुसरा खेळ आहे. आणि तो शेवटचा… नाही, ऑर्केस्ट्राचा नाही. बाबांचा. त्यांचे पुढचे दोन दात हलतायत. दातांचे डॉक्टर म्हणाले, काढावेच लागतील. रविवारपर्यंत कसंबसं थांबवलंय. दात गेले की ओठांमागचा टेकू जातो, मग ट्रम्पेटमध्ये फुंक बसत नाही. काल सूर फुटला तो त्यानेच.

…नाही, त्यांनीच सांगितलंय, तिला कळवू नकोस. म्हणाले, दातांसाठी कुणाला बोलावतात का.

…येशील?

खरं बोल. नुसतं म्हणू नकोस… भावोजींना काय सांगशील?… बरं. दोघंही या. तिकीट मी ठेवते. पुढची रांग… नाही गं, अजिबात सांगणार नाही त्यांना. तोंडातून शब्द काढणार नाही. तू सरळ हॉलवर…

थांब, बाबा आलेत दारात.

…कुणी नाही बाबा. ऑफिसचा फोन आहे. कामाचंच… हो, सुट्टीच्या दिवशीपण… काय?

…सांगते. हो, सांगते त्यांना.

ताई… बाबा म्हणतायत, ऑफिसवाल्यांना सांग, मागच्या रांगेत बसा. पुढे दिसलात तर माझ्या ओठांचं काही खरं नाही.

…गेले. आत गेले, दार लावून घेतलं.

…हो. मागची. मागचीच ठेवते. रड तू. मी ठेवते फोन.