न विचारता हलवलेला दगड

—नाही हो, खरंच नाहीये ती घरी. असती तर हाक मारली नसती का मी? बाजारात गेली असेल, नाहीतर मैत्रिणीकडे. सांगून कुठे जातात मुली. हो, हो, मान्य आहे, मीच फोन केला होता तुम्हाला. जावईबापू, तुम्ही या, मी समजावते तिला, घेऊन जा एकदाची — अस्संच म्हणाले होते, मी कुठे नाही म्हणतेय? आणि तुम्ही आलात, बरं केलंत. पण घरात जरा टेकायचं तरी. सरळ चालत मागच्या दारीच आलात, मला चहाचा कप घेऊन मागे पळावं लागलं, आणि या गुडघ्यांना पळायचं म्हणजे — असो. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय. इथे बाकावर बसा. थांबा, पुसते. कोंबड्यांची मेहेरबानी, दुसरं काय. बसायची म्हणून एक जागा शिल्लक ठेवत नाहीत. मला विचाराल तर मला एकही नको होती. पण मला विचारतंय कोण?

काय बघताय? ओळखू येत नाही ना जागा? तुम्ही लग्नाच्या वेळी पाहिली तेव्हा इथे पाय ठेवायची सोय नव्हती. तिच्या बाबांचा प्लंबिंगचा सगळा पसारा — फुटकी बेसिनं, गंजके पाइप, कुणाकुणाच्या बाथरूममधून काढून आणलेल्या फरशा. टाकून द्या म्हटलं की म्हणायचे, लागेल कधीतरी. ते गेले, पसारा राहिला. मी मागचं दारच उघडायची नाही. उघडलं की तो ढीग दिसायचा आणि ढिगाबरोबर ते दिसायचे. मग ही आली. चार दिवस राहते म्हणाली, हातात एकच बॅग. चार दिवसांचे आठ झाले, महिना झाला, तोंडाला कुलूप. आणि एक दिवस सकाळी बघते तर बाईसाहेब पदर खोचून विटांचे तुकडे वेचतायत. म्हटलं, करू दे, जिवाला विरंगुळा. मला काय ठाऊक ही अख्खं परसू उलथंपालथं करणार आहे!

खालची माती नुसती मुरुमासारखी हो. कुदळ मारली की ठिणगी उडायची. हातांना फोड आले, फुटले, परत आले. शेजारच्या सुताराकडून भुसा आणला, झाडांखालचा पालापाचोळा आणला, माझ्या स्वयंपाकघरातली सालंसुद्धा मोजून — नाही, मोजून नाही म्हणत मी, पण एक साल कचऱ्यात गेलेलं तिला चालायचं नाही. थरावर थर, थरावर थर. वास! मी नाकाला पदर लावून भांडी घासायची. ते बघा, घेवडा चढलाय ना, ते पाइप तिच्या बाबांचे. कोंबड्या पाणी पितायत ते बेसिन त्यांचंच. लागेल कधीतरी म्हणायचे, लागलं. मी तिला म्हटलं नाही असं काही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

घ्या ना चहा. साखर कमी झाली का? — मग घ्या.

कोंबड्या? त्या नंतर आल्या. आणि आल्या त्या माझ्या मुळावर. सगळ्या मोकळ्या सोडायच्या म्हणे, पिंजऱ्यात कोंडायच्या नाहीत. मोकळ्या सोडल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी पालकाची सगळी रोपं उकरून ठेवली, एक नाही वाचलं. मी म्हटलं, झालं, आता रडेल. रडली नाही. बसून बघत राहिली त्यांच्याकडे दुपारभर — कुठे उकरतात, कुठे मातीत लोळतात, काय खातात, काय नुसतंच टोचून सोडून देतात. मग तिने लहान रोपांच्या वाफ्यांवर जाळीच्या कमानी केल्या. वांगी मोठी झाली की तिथली जाळी काढते, कोंबड्या आत जाऊन अळ्या वेचतात, वांग्यांना हात — म्हणजे चोच — लावत नाहीत. त्या कोपऱ्यात त्यांना राख आणि माती कालवून खड्डा करून दिलाय आंघोळीला, म्हणजे वाफ्यात लोळायला नको. मी आपली मदत करायला गेले, म्हटलं खत म्हणे चांगलं असतं, टाकलं कोंबड्यांचं ताजं ताजं टोमॅटोच्या बुंध्याशी. चार दिवसांत रोपं करपली! ते आधी महिनोन्‌महिने कुजवावं लागतं, हे मला कोण सांगणार? सासूबाईंनी मला सगळं शिकवलं, हे नाही शिकवलं. तर हसली ती. जोरात हसली. मी करपलेलं रोप हातात धरून उभी आणि ही पोट धरून हसतेय. कितीतरी दिवसांनी ऐकलं मी ते. तुमच्याकडे हसायची का हो ती? — नाही, सहज विचारलं.

अहो, बसा. तिकडे कुठे बघताय? त्या मागच्या खोलीत दाणे ठेवलेत त्यांचे, म्हणून जमल्यात दारापाशी. भुकेची वेळ झाली की अशाच जमतात. हावरट जात. तुम्ही चहा घ्या.

खरं सांगू? मी थकलेय. फोन केला तो थकूनच केला. लोक विचारतात, मुलगी माहेरी का? काय सांगायचं? बाग करतेय म्हणून? हिचं वय वाढतंय, माझं सरत चाललंय. उद्या मी नसले तर हिने काय भोपळ्यांशी बोलत बसायचं? त्या दिवशी त्या तांबडीने भिंतीवरून उडी मारून शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीवर घाण केली, शेजारीण दारात येऊन मला नाही नाही ते बोलली. मी हिला म्हटलं, अगं, पंख काप त्यांचे, एकाच बाजूचे कापायचे असतात म्हणे, तोल जातो आणि उडता येत नाही. तर म्हणते, नको, गेली तर गेली, संध्याकाळी येईल. मग शेजारणीच्या चादरी मी धुतल्या. या गुडघ्यांनी. आणि चादरी पिळता पिळता माझ्या मनात आलं, पुरे. ज्याची त्याने सांभाळावी. हात पुसले आणि तुम्हाला फोन लावला. तिला ठाऊक नव्हतं. आज तुम्ही दारात दिसलात तेव्हा कळलं तिला.

— म्हणजे, कळेल. आल्यावर कळेल, असं म्हणायचं होतं मला.

काय दाखवताय? हं, ते दाणे.

नाही, दाणे आपोआप कसे येतील बाहेर दाराखालून? तुम्ही बघितलंत, मीही बघितलं. कोंबड्या फार कलकलाट करायला लागल्या, म्हणून मूठभर सरकवले तिने. गप्प बसाव्यात म्हणून. बिचारीला वाटलं असेल, चाहूल लागू नये. आणि त्याच दाण्यांनी — जाऊ दे. हो. आहे ती आत. खोटं बोलले मी तुमच्याशी. या वयात जावयाशी खोटं बोलायची वेळ आली.

बसा! मी सांगतेय ना बसा. त्या दाराकडे जाऊ नका. आधी माझं ऐका, मग तुमचं तुम्ही बघा.

आली ना ती बॅग घेऊन, तेव्हा मला विचारायची. सगळं विचारायची. आई, चहा घेऊ का? आई, पंखा लावू का? आई, इथे बसू का? मी म्हणायची, अगं, तुझंच घर आहे. तर मान हलवायची आणि परत विचारायची — आंघोळ आता करू की मग? केस धुऊ का आज? मी एकदा चिडले, म्हटलं, श्वास घेऊ का तेवढं विचारायचं राहिलंय. तर ओशाळली, आणि म्हणाली, तिकडे विचारावं लागतं गं, सवय झालीय. एवढंच बोलली तुमच्याबद्दल. शपथेवर सांगते, बाकी अक्षर नाही. तुम्ही हात उगारला असता तर मला कळलं असतं काय करायचं ते. पण हे असलं — याचं काय करतात, मला खरंच माहीत नव्हतं. म्हटलं, नवऱ्याचा स्वभाव असतो एकेकाचा. मीही सहन केलंच की. तिचे बाबाही काही कमी नव्हते.

तर मग तो दगड. तिथे पायरीशी माझा धुण्याचा दगड होता. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथेच. एका दुपारी मी झोपून उठले, मागे आले, तर दगड जागेवर नाही. हिने पहार लावून, एकटीने, ढकलत ढकलत तिकडे नळाजवळ नेला. इथे तिला पुदिना लावायचा होता. मी काय भडकले! माझा दगड, माझं घर, मला विचारायचं नाही? तोंडाला येईल ते बोलले. ती कमरेवर हात ठेवून उभी, घामाघूम. म्हणाली, तिथे पाणी जवळ पडतं तुला, तुझे गुडघे दुखतात ना. आणि गेली पुदिना लावायला. मी बोलत होते आणि बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं, अरे, हिने मला विचारलं नाही. मग मी पदरात तोंड लपवून रडले. ती समजली मी दगडासाठी रडतेय.

त्यानंतर नाही विचारलं तिने कधी. कोंबड्या आणल्या, विचारलं नाही. भिंतीला भगदाड पाडलं पावसाचं पाणी जायला, विचारलं नाही. माझ्या चांगल्या साडीच्या पट्ट्या फाडून टोमॅटो बांधले! जीव मेटाकुटीला आणलाय हिने माझा. पण नाही विचारलं.

आणि आज. तुम्ही पुढच्या दाराची कडी वाजवलीत. ती इथे बी पेरत होती. या मागच्या खिडकीतून आरपार पुढच्या दारात तुम्ही दिसलात तिला, आणि पांढरीफटक पडली. हातातलं बी तसंच मुठीत. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, आई — मी त्या खोलीत जाऊन बसू का?

कळलं का तुम्हाला? बसू का, म्हणाली. तुम्ही अजून घरात पाऊलही टाकलं नव्हतंत.

नाही, नाही, तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही काही केलंच नाही, तेही खरं असेल. लोक तुमचं नाव चांगलंच घेतात. मला फक्त एवढं सांगायचंय, मी फोन केला होता ना, तो मी परत घेते. मला माफ करा, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. दमले होते. दमलेलं माणूस काहीही बोलतं. अजूनही दमलेलीच आहे, पण ते माझं मी बघेन. शेजारणीच्या चादरीही बघेन.

ऐकतेय ती सगळं आतून. दाराला कडी आतून आहे. यायचं असतं तर आली असती.

काय म्हणालात? जरा मोठ्याने बोला, या कोंबड्यांपुढे ऐकू येत नाही.

तिच्याशी एकदा बोलू का, म्हणता?

नाही.

तुमच्या चपला पुढच्या दाराशी आहेत.