बारातले दोघं

—आमचा अल्सीद ओरडला? कोण म्हणतं ओरडला? चर्चमधल्या बायका काहीही उठवतात. मान सरळ ठेव बघू, वेणी वाकडी जाईल. मी त्याच्या शेजारीच बसले होते ना! हॉलमध्ये तो तुरुंगांवरचा सिनेमा लावला होता—आपली काळी माणसं पिढ्यान् पिढ्या आत कशी कोंबली, त्याचा. मी म्हटलं होतं, अल्सीद, नको जाऊया, अर्धं आयुष्य आत काढलंस, आता पडद्यावर काय बघायचंय? पण नवरा ऐकतोय कुठे! आणि मध्येच आपल्या गावातलीच ती म्हातारी आली पडद्यावर—मिस ऑर्टेन्स. म्हणाली, "अल्सीद ब्रूसारच्या खटल्यात मी ज्युरीत होते. बारा जणांत काळे आम्ही दोघंच. आम्ही म्हटलं, ह्या पोरानं काही केलेलं नाही. गोरे दहा म्हणाले, केलंय. आणि शिक्षेला दहा पुरले." पुरायचेच तेव्हा आपल्या लुइझियानात! गुलामी गेल्यावर मुद्दाम केलेला कायदा—आपलं कुणी ज्युरीत बसलंच, तर त्याचं 'नाही' मोजायलाच नको. आता बदललाय म्हणे. पण जुन्या खटल्यांना काय त्याचं? ह्याला सोडलं ते म्हातारा झाला म्हणून, निर्दोष म्हणून नाही.

तर तिनं नाव घेतलं आणि हा उभा राहिला. नुसता उभा—टोपी हातात. मागचे म्हणताहेत, काका, बसा, दिसत नाही. मी बाही ओढतेय. छे! सिनेमा संपेपर्यंत तसाच.

दुसऱ्या दिवशी गेला तिच्याकडे. काय बोललात, विचारलं, तर म्हणाला, "काही नाही. वाटाणे सोलले." आता रोज जातो. जाऊ दे की! ऐंशीच्या पुढची बाई ती, माझ्या मनात तसलं काही नाही. मला बरंच वाटतं. खरंच बरं वाटतं—दुखलं का? ओढलं गेलं, सॉरी हं.

काल त्याच्यासाठी राजमा-भात घेऊन गेले. तिच्या कुंपणापाशी पोचले, तर हा ओसरीवर हसत होता. हसत होता गं! तुरुंगाच्या शेतावर पहारेकऱ्याचा घोडा कापसात कसा बसला, ते सांगत होता—आणि मग सांगता सांगता, त्याच ओळीत कापूस वेचताना त्याचा दोस्त कसा कोसळला, तेही. मला कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं बस पकडून भेटीला जायचे मी—मला त्रास नको म्हणून तो गप्प, त्याला नको म्हणून मी गप्प. छपराचं बोलायचो, हवापाण्याचं बोलायचो. तीच सवय राहिली. अजून स्वतःच्या घरात दार वाजवून येतो. जेवला की म्हणतो, "थँक यू." मला! बायकोला! एका घरात भेटीला आलेली दोन माणसं आम्ही—

आत का नाही गेले? काय म्हणून जाऊ? मला कुणी बोलावलं थोडंच—नाही, बोलावलं होतं. तिनं पाहिलं मला. खुर्ची पुढे ओढली, हात केला, ये म्हणाली. आणि मी पळाले. ह्या वयात, गुडघे धरून, पळाले.

रडत नाहीये मी. तेल गेलंय डोळ्यात.

उठ पोरी. राहू दे अर्धं डोकं, रुमाल बांध, उद्या ये. आत्ता दोघं ओसरीवरच असतील—अगं, उठ म्हणते ना!