डोंगरराजाचा डावा पाय

...आणि वर मलाच विचारतात, ‘‘आनंद कसला झालाय रे तुला? ते वजन नाही उतरलं, पाय उतरलाय तुझा!’’

आता तुम्हीच सांगा, दीड महिना अंथरुणावर पडलेल्या माणसाशी असं बोलतात का? मेंढ्यांना गवत टाकायला निघालो, बर्फावरून घसरलो, डाव्या मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांनी आत सळई घातली, घरी आलो, काट्यावर उभा राहिलो तर आकडा चक्क खाली... मी खूश! मेहनत नाही तर खायचं कशाला, असा आपला साधा हिशेब. सकाळी कॉफी आणि तळलेली गोड क्लाइना, संध्याकाळी कॉफी आणि दुसरी क्लाइना. तर बाईंनी माझी विजार वर सरकवली, दोन्ही मांड्या शेजारी शेजारी दाखवल्या. एका माणसाच्या वाटेनात हो!

या बाई म्हणजे थोराबाई. माझ्या सासूबाई, पण त्याच्या आधी आमच्या खोऱ्याच्या पोहण्याच्या बाई. इथल्या प्रत्येकाला गरम झऱ्याच्या तलावात ढकलून त्यांनीच पोहायला शिकवलंय. लग्न झालं, पोरं झाली, माझ्या तोंडात ‘सासूबाई’ बसलंच नाही. बाई त्या बाईच. वय? शहात्तर.

‘‘ओड्डूर,’’ मला म्हणाल्या, ‘‘सप्टेंबरात डोंगर चढायचाय ना? मग ऐक. आधी काम, मग घास, मग झोप.’’

सप्टेंबर म्हटलं आणि मी हातातली क्लाइना खाली ठेवली. तुम्हाला सांगतो, उन्हाळाभर मेंढ्या डोंगरावर मोकळ्या असतात, सप्टेंबरात सगळं खोरं रांग धरून त्यांना खाली आणतं, आणि त्या रांगेचा जो म्होरक्या त्याला म्हणतात डोंगरराजा. तो मी. माझ्या आधी माझे वडील. आणि मी नाही चढलो तर कोण? माझा मेहुणा क्यार्तान. बाईंचाच मुलगा, पण जीपमधून उतरला तर त्याचा सत्कार करावा लागेल असा. सुका मासा घेऊन भेटायला आला आणि काय गोड बोलतो, ‘‘दाजी, तुम्ही आराम करा हो. डोंगराचं मी बघतो.’’ आयत्या बिळावर नागोबा!

मग झालं सुरू. खुर्चीवरून ऊठ, बस, ऊठ, बस... ‘‘एकट्याला कंटाळा येईल तुला,’’ म्हणून बाई शेजारच्या खुर्चीवर माझ्याबरोबर ऊठबस करायच्या. केवढा जीव जावयावर! मी तर आस्डिसला, बायकोला, म्हटलंसुद्धा, तुझ्या आईसारखी बाई होणे नाही.

तलावावर गेलो की मी थेट गरम कुंडात. सगळी मंडळी तिथे, राजकारण, मासळीचे भाव, कोणाचं कोणाशी... आणि उबेनं पाय सुधारत असणारच की! तर कुंडाच्या काठावर दोन पावलं येऊन उभी. ‘‘उबेनं बटाटे शिजतात, ओड्डूर. पाय पोहून येतो. आधी काम!’’

दुसऱ्या दिवशी मांडी अशी ठणकली की जिन्यावरून बसून बसून उतरलो. म्हटलं, बाई, सळई सरकली वाटतं. ‘‘सरकली नाही. दमलेल्या स्नायूची डागडुजी चाललीय आत. गवंडी कामावर आलेत, त्यांना विटा कोण देणार, तुझी क्लाइना?’’ आणि समोर स्कीरचा वाडगा, आमचा तो घट्ट चक्का, दोन अंडी, दुपारी हॅडॉक मासा, संध्याकाळी मेंढीचं मटण. शेजारच्या खुर्चीवर त्यांचाही वाडगा. ‘‘एकट्याला घास जात नाही,’’ म्हणे.

जूनमध्ये अंगात वारं भरलं. मांडी पुन्हा भरायला लागली हो! लागोपाठ रोज टेकडी चढलो. शाबासकी मिळेल म्हटलं, तर बोलणी! ‘‘भिंत ओली असताना तिच्यावर नाचतोस? आज आराम. आराम हेसुद्धा काम आहे.’’ आणि झोपायचं कसं, आमच्याकडे तेव्हा सूर्यच मावळत नाही! बाईंनी खिडकीला घोंगडी ठोकली. आधी काम, मग घास, मग झोप.

मी एकदा विचारलं, हाड सांधलंय, मग एवढा खटाटोप कशाला? तर म्हणाल्या, ‘‘स्नायू म्हणजे घरातली शेगडी. तू नुसता बसलास तरी खाल्लेलं जाळते, ऊब देते. विझू दिलीस तर तीच भाकरी पोटावर जाऊन बसते, आणि म्हातारपणी खुर्चीतून उठवायला चार माणसं लागतात. मला नाही कोणाची माणसं लागत.’’ आणि त्या तेव्हा एका पायावर उभ्या राहून मोजे घालत होत्या.

सप्टेंबर आला. मी चढलो! डावा पाय उजव्याच्या बरोबरीनं टाकत गेलो, आणि खरं सांगतो, मधल्या कड्यावर डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बाई मागे होत्या. ‘‘तुझ्या पायावर लक्ष ठेवायला येते,’’ म्हणाल्या होत्या. जरा वेळानं शेजारी आल्या. मग पुढे गेल्या.

आणि मग धुकं उतरलं. रांग तुटली, मेंढ्या सैरावैरा, मी ओरडतोय, क्यार्तान ओरडतोय, कोणाला काही ऐकू येईना... आणि वरच्या सुळक्यावरून आवाज आला, ‘‘रांग धरा! हाताला हात! गप्पा बंद!’’

अहो, साठ साठ वर्षांचे बाप्ये जागच्या जागी ताठ! मेंढ्यासुद्धा गप्प. त्या आवाजाच्या मागे आम्ही सगळे खाली आलो. एकसुद्धा कोकरू हरवलं नाही.

खाली वाड्यात ज्याच्या त्याच्या मेंढ्या निवडून झाल्या की पुढच्या वर्षीचा राजा ठरतो, हात वर करून. मी छाती काढून उभा. क्यार्तान उठला, म्हटलं आला नागोबा! तर म्हणतो, ‘‘दाजींना ज्यांनी डोंगरावर चढवलं, त्यांना मेंढ्या काय जड आहेत? आई, तूच हो.’’

सगळ्यांचे हात वर. माझा? सगळ्यांच्या आधी माझाच वर गेला! शाळेपासूनची सवय हो, बाई समोर उभ्या असल्या की जातोच.

म्हणजे बघा, क्यार्तानपासून गादी वाचवायची म्हणून मी उन्हाळाभर ऊठबस केली, आणि शेजारच्या खुर्चीवर पुढचा राजा तयार होत होता. माझ्याच सोबतीनं. माझ्याच स्कीरवर!

पाय मात्र परत आला, तुम्हाला सांगतो, अगदी पहिल्यासारखा. आता निघतो, पहाटे तलावावर बोलावलंय. कशाला काय? पुढच्या सप्टेंबरच्या तयारीला... त्यांच्या. एकट्यानं कंटाळा येतो म्हणे त्यांना.