नागरी विभाग

(जेवणाचं टेबल. एका खुर्चीवर इस्त्री केलेला गणवेशाचा कोट.)

सिस्टर: अहो, तो कोट कपाटात ठेवा आता. कधीपासून खुर्ची अडलीय.

फौजी: राहू दे. येणाऱ्याजाणाऱ्याला कळू दे, या घरात एक मूर्ख राहतो.

सिस्टर: झालं सुरू.

फौजी: अगं, फोन मीच घेतला ना. ‘राष्ट्रसेवा सन्मानाच्या कार्यालयातून बोलतोय, तुमच्या घरचं नाव जाहीर झालंय.’ मला वाटलं, माझा सन्मान दुसऱ्या वर्गाचा, आता पहिल्यात चढवतायत. बागेतल्या सगळ्या मंडळींना चहा पाजून आलो. आणि आज विचारतात, ‘बाईंना मंचावर चढताना आधार लागेल का?’

सिस्टर: हसू नये, पण हसू येतं हो.

फौजी: हस की.

सिस्टर: तुम्ही तोंड फुगवून बसल्यावर कसली हसतेय? नकोच ते पदक. मी कळवते त्यांना, येत नाही म्हणून.

फौजी: वेडी आहेस का?

सिस्टर: मग काय खुपतंय? तुमच्या लष्करी पदकाच्या फितीला लाल काठ, माझी साधी. नागरी विभाग म्हणजे कमी, असंच ना?

फौजी: तसं नाही गं.

सिस्टर: मग कसं?

फौजी: पदक देण्याआधी तिथं प्रत्येकाचं काम वाचून दाखवतात. माझं वाचलं तेव्हा तो पूल, तो गोळीबार, सगळं तुला आधीच पाठ होतं.

सिस्टर: असणारच. दर सुट्टीत तेच ऐकलंय.

फौजी: आणि तुझं मी तिथं पहिल्यांदा ऐकणार. परक्या माणसाच्या तोंडून. इतकी वर्षं जळीत वॉर्डात तू काय करत होतीस, मला ठाऊक नाही.

सिस्टर: विचारलं नाहीत कधी.

फौजी: नाही विचारलं. त्याचीच लाज वाटतेय.

सिस्टर: सांगण्यासारखं काय त्यात? पट्ट्या बदलायच्या. पोरं ‘थांब’ म्हणून ओरडायची.

फौजी: मग?

सिस्टर: मी थांबायचे. डॉक्टर चिडायचे, बाकीची कामं खोळंबायची. पण पोरगं स्वतः ‘हं, कर’ म्हणेपर्यंत मी पट्टीला हात लावायचे नाही.

फौजी: आणि म्हणालंच नाही तर?

सिस्टर: म्हणायचं हो. उशिरा का होईना, म्हणायचं. एक मुलगी तेवढी शेवटपर्यंत ‘कर’ म्हणाली नाही. गेली ती.

फौजी: तिचं वाचतील का तिथं?

सिस्टर: छे. बरे होऊन घरी गेले, त्यांचंच वाचतात.

फौजी: मग बस इथं. तिच्यापासून सांग.