मामाजींची मूळव्याध

आमच्या सौसरच्या मामाजींचं ऐका. राज्य पुनर्रचनेचे दिवस होते. सौसर नागपूरसोबत राहावं की भोपाळकडे जावं, यावर हेडमास्तर असलेले मामाजी चौकात तासभर बोलत. पण शौचातून रक्त पडून राहिलं, हे त्यांनी घरात मामींनाही सांगितलं नव्हतं. धोतर धुताना मामींनीच पाहिलं.

"मूळव्याध आहे, दुसरं काय!" मामाजी म्हणाले. मग सगळं गाव वैद्य झालं. कोणी सुरण खाऊ घातला, कोणी ताक पाजलं. मामाजी वाळत गेले, पण गावाचं निदान काही बदललं नाही.

शेवटी मामी त्यांना ओढतच नागपूरला सर्जनकडे घेऊन गेल्या. सर्जन म्हणाले, "कुशीवर झोपा. बोट घालून तपासावं लागेल."

मामाजी ताडकन उठले. "मी हेडमास्तर आहो!"

"असाल," हातमोजा चढवत सर्जन म्हणाले, "पण हा आजार हुद्दा विचारत नाही."

मामी दार अडवून उभ्या राहिल्या. मामाजी झोपले. बोटाला गाठ लागली आणि तो कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, शौचाची वाट पोटावर काढली, मामाजी वाचले. ते परत येईतो सौसर भोपाळकडे जाऊनही बसलं होतं; मामाजींना विचारायला कोणी थांबलं नव्हतं.

भेटायला आलेले एक शेजारी कानाशी लागले. "मास्तर, रक्त तर मलेही जाते. पण माझी मूळव्याधच असंन ना?"

मामाजी म्हणाले, "असंनही. पण ते डॉक्टरच्या बोटाले ठरवू द्या. तुमच्या तोंडाले तिकडचं काय दिसते?"