लांबून डोळे दिसत नाहीत

माझी बायको सुमन गेली तो मंगळवार होता. मी गणपतीच्या कारखान्यात होतो. रोज एकला ती डबा घेऊन यायची, त्या दिवशी आली नाही. दीडला शेजारचे हरिभाऊ आले आणि म्हणाले, घरी चल. मी ब्रश पाण्यात टाकला आणि गेलो.

मी मूळचा हमरापूरचा. आमच्याकडे घरोघरी गणपती होतात, ते तुम्हाला माहीतच असेल. जुन्या अकरावीपर्यंत शिकलो, पेणच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचायचो, पण हात आखणीला बसला आणि तिथंच राहिला. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं रंगकाम झालं की गणपती शेवटी आखणीवाल्यापुढं येतो, श्वास रोखायचा आणि पापणीची रेघ एका दमात ओढायची, मध्ये थांबलात तर मूर्ती वाकडी बघते. तीस वर्षं तेच केलं. किती डोळे काढले, काय सांगू तुम्हाला, मोजले नाहीत.

सुमन गेल्यावर रेघ थांबायला लागली. मालक माणूस चांगला, तो म्हणाला, दादा, थोडे दिवस मुलीकडं जाऊन या. मुलगी मंदा अष्टमीत राहते, रोह्याचा पूल ओलांडला की लगेच, जावई कंपनीत शिफ्टला जातो. तिथं दिवसभर रिकामा बसलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, ती मी मंदालाही सांगितली नाही. सुमनचा चेहरा मला आठवेना. फोटो एकच, लग्नातला, आणि त्यात तिनं मान खाली घातलेली.

दाऊदभाई मला नदीवर दिसले. कुवेतला दुकानांच्या पाट्या रंगवून परत आलेले, अष्टमीतलेच. कुंडलिकेच्या काठी तीन पायांची लाकडी घोडी मांडायची, तिच्यावर कॅनव्हास, डोक्याला पंचा, आणि समोर बघत तेलरंगात नदी काढायची. मी मागं उभा राहिलो. पाणी निळं असतं असं मी धरून चाललो होतो, त्यांच्या चित्रात ते मातकट होतं, मध्येच जांभळं, पुलाखाली जवळजवळ काळं, आणि मान वर करून बघितलं तर खरंच तसंच होतं. इतकी वर्षं मी काय बघत होतो कोण जाणे. तीन दिवस उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी मागं न बघताच ते म्हणाले, मास्तर, पाय दुखत नाय का तुमचं? बसा की. चष्मा आणि हातातलं पुस्तक बघून त्यांनी मला मास्तर करून टाकलं, ते शेवटपर्यंत.

अर्ध्या संपलेल्या रंगाच्या नळ्या त्यांनीच दिल्या. मी काय केलं, कारखान्याची सवय, घरीच वाटीभर रंग कालवला नदीचा, झाकून घेऊन गेलो. ते हसले. म्हणाले, अवो, नदी काय गणपती हाय, एका वाटीत शंभर रंगवायला? तुमचा रंग सकाळचा हाय, आता दहा वाजलं. बघा आणि हितंच कालवा. मग तसं शिकलो, पावसाळा सोडून वर्षभर, रोज.

वर्षानंतर त्यांना चेहऱ्याचं सांगितलं. त्यांनी जास्त विचारलं नाही, म्हणाले, चला तुमच्या गावाला. एसटीनं पेणला आलो, तिथून हमरापूर. कारखान्याच्या दारात घोडी मांडली, समोरची खाचरं काढली, बांध काढला, खाडीकडचं आभाळ काढलं. मग बांधावर सुमन काढली, नखाएवढी, आणि पिशवीतला आखणीचा ब्रश घेतला, श्वास रोखला आणि डोळे काढले. रेघ थांबली नाही. एका दमात आली. वाकून बघितलं तर ते डोळे गणपतीचे होते. माझ्या हाताला दुसरे येतच नव्हते.

कारागीर बाहेर येऊन बघत होते. त्यातला एक म्हणाला, दादा, वहिनींना सोंड तेवढी रायली. मालकानं त्याला आत पिटाळलं. मला राग आला नाही, तो खरं तेच बोलला होता.

दाऊदभाई हसले नाहीत. त्यांनी विचारलं, बांध किती लांब हाय? म्हटलं, दोनशे पावलं. एवढ्या लांबून भाभींचे डोळे दिसायचे तुम्हाला? म्हटलं, नाही. मग वळखायचात कशावरून? मी म्हटलं, तिचा डावा खांदा खाली असायचा, डबा कायम डाव्या हातात, आणि बांधाच्या वळणावर चिखल असो नसो, ती साडी जरा उचलायची. मग ते काढा की, ते म्हणाले, आणि रंगाची सुरी माझ्या हातात दिली. तेलरंग लवकर वाळत नाही. मी डोळे खरवडले आणि खांदा काढला.

दाऊदभाई दोन वर्षांमागं वारले. घोडी त्यांच्या बायकोनं माझ्याकडं पाठवली, म्हणाल्या, घरात नुसती उभी राहून काय करंल ती. श्रावणात मालक बोलावतो, मी जातो, डोळे काढून देतो, रेघ थांबत नाही. बाकीचं वर्ष नदीवर असतो.

ते चित्र मंदाच्या घरी आहे, दारासमोरच्या भिंतीवर. सुमनचा चेहरा मला अजून आठवत नाही. दारातून बघितलं की ती डबा घेऊन येताना दिसते.