साठ माशांची खुशाली

...आणि वर तो औषधवाला मलाच विचारतो, "काका, आत मासे आहेत हे आधी नाही का सांगायचं?" अरे, मी टोमॅटोचं औषध मागायला आलो होतो, घरातली माणसं मोजून दाखवायला नव्हे! तुम्हाला सांगतो, मी फक्त फवारणी केली हो! मावा पडला, फवारणी केली. चाळीस वर्षं हेच करत आलोय!

पण चाळीस वर्षांत माझ्या टोमॅटोशेजारी मासे कधी राहायला आले नव्हते. हे सगळं लेकीचं. लग्न मोडून घरी आली, पाच महिने खोलीबाहेर नाही. आई तिची आधीच गेलेली, आणि आम्हा बापलेकीचं बोलणं म्हणजे "जेवलीस?" "हो." संपलं! एक दिवस आपणहून म्हणते, "बाबा, परसात पॉलिटनेल उभारूया?" म्हटलं, उभारूया! ते काय असतं, हे दुसऱ्या दिवशी विचारलं.

लोखंडी कमानी आणि वर प्लास्टिकचा कागद. तो चढवताना असा वारा सुटला, की एका टोकाला ती, दुसऱ्याला मी आणि कागद दोघांनाही घेऊन निघालेला! ती हसली. पाच महिन्यांनी हसली हो! मग मी माझं टोक आणखी दोनदा मुद्दाम सोडलं.

आत वाटणी. डावीकडे माझी माती, उजवीकडे तिची टाकी, साठ मासे. माशांची घाण पाण्यात, ते पाणी खडीत, खडीत पालक आणि पालकानं गाळलेलं पाणी परत माशांना! "अगं, मातीच नाही?" "नाही, बाबा." "मग मुळांनी धरायचं काय?" "खडी, बाबा, खडी!" दिवसभर बोलायची, तुम्हाला सांगतो, दिवसभर!

मग तिला लांब नोकरी लागली, टाकी माझ्या गळ्यात. पण रोज संध्याकाळी फोन! मासे खातात का, पंप चालू आहे का... चांगली दहा-दहा मिनिटं!

आणि मी फवारणी केली. प्लास्टिकच्या त्या बंद बोगद्यात! ते औषध जाणार कुठे? सकाळी साठच्या साठ पोट वर करून... संध्याकाळी फोन. "मासे कसे आहेत?" माझ्या तोंडून गेलं, "मजेत!" काय सांगणार होतो? मी फक्त फवारणी केली हो! मग रोजचंच... "आज भरपूर खाल्लं," "तो मोठा फार दांडगाई करतो..." मेलेल्या माशांची तीन आठवडे खुशाली कळवली!

गेल्या रविवारी राहवलं नाही. सांगून टाकलं. तर हळूच म्हणते, "माहीत आहे मला, बाबा. टाकीवर कॅमेरा लावलाय मी. तुम्ही जाळीनं एकेक बाहेर काढत होता... रडत होता..."

"अगं, मग रोज विचारत का होतीस?"

"दुसरं काय विचारू, बाबा?"

झालं. आठवडा झाला, फोन नाही. मी नंबर काढतो, पण लावून विचारू काय? संध्याकाळ झाली की त्या कॅमेऱ्यापुढे नुसता जाऊन उभा राहतो. बघत असेल... नसेलही. खरं बोलून मोकळा झालो म्हणतात ना, तसा अगदी मोकळा झालोय. खोटं बोलत होतो, तोवर बोलत तरी होतो!